कात्रणांची मागची बाजू

नोकरीची पहिली सहा वर्षे मी एका दैनिकाच्या संदर्भ विभागात कात्रणे काढत होते. रोज सकाळी आठ-दहा वर्तमानपत्रांचा गठ्ठा टेबलावर यायचा. लाल पेन्सिलीने खुणा केलेला मजकूर कापायचा, खळ लावून जाड कागदावर चिकटवायचा, वरच्या कोपऱ्यात तारीख नि विषय लिहायचा आणि विषयवार पाकिटात सरकवायचा, एवढेच ते काम होते. ते करताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली की, प्रत्येक कात्रणाला एक मागची बाजूही असते. पुढे अर्थसंकल्पावरचे भाषण असले, तर मागे निम्मी छाटली गेलेली एखादी जाहिरात असते किंवा कुणाच्या तरी निधनवार्तेच्या शेवटच्या चार ओळी असतात. कापणाऱ्याने जे ठेवायचे ठरवलेले असते ते पुढे दिसते. मागे जे उरते ते कुणीच ठरवलेले नसते. खळ लागली की ती बाजू दिसेनाशी होते, आणि वर्षांनी खळ सुकून कात्रण आपोआप सुटले, म्हणजे ती पुन्हा उजेडात येते.

एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या बाईंकडे मी ओढली गेले, ती या कात्रणांमुळेच. अमेरिकेतल्या स्क्रिप्स वृत्तपत्रसमूहाच्या भांडवलदारांपैकी एक, समुद्रविज्ञानाच्या एका जगप्रसिद्ध संस्थेच्या आधारस्तंभ, मुलींच्या एका महाविद्यालयाच्या संस्थापक, ही त्यांची ओळख कुठेही वाचायला मिळते. पण त्यांच्या हातात जन्मभर टिकलेले पहिले हत्यार कात्री हे होते, ही गोष्ट त्या ओळखीत कुठेतरी एका उपवाक्यात येते आणि तेवढ्यावरच राहते. माझे लक्ष त्या उपवाक्यावर अडले, आणि पुढचे काही महिने त्यांच्या कागदपत्रांची स्कॅन केलेली पाने पडद्यावर मोठी करून पाहण्यात गेले.

त्यांचे कागद कॅलिफोर्नियात, क्लेअरमाँट या गावी, स्क्रिप्स कॉलेजच्या डेनिसन ग्रंथालयात ठेवलेले आहेत. पत्रे, डायऱ्या, छायाचित्रे असे एका दीर्घ आयुष्याचे सामान तेथे आहे. त्यांचे सावत्र भाऊ एडवर्ड विलिस स्क्रिप्स यांचे कागद मात्र हजारो मैलांवर, ओहायो विद्यापीठात आहेत, आणि दोन्ही संग्रहांतले अंतर केवळ मैलांचे नाही. एडवर्ड यांना स्वतःविषयी भरभरून सांगायची सवय होती. त्यांनी निबंधवजा टिपणे लांबलचक सांगून लिहवून घेतली, आपल्या रागलोभांचे विश्लेषण केले, आपल्या यशाची कारणमीमांसा केली. एलनबाईंच्या नोंदी त्यांच्यापुढे अगदी तोकड्या वाटतात. दिवस काही ओळींत मिटतो. कोण आले, कुणाला पत्र लिहिले, एवढ्यावर पान संपते आणि ज्या दिवशी मनात वादळ असणार असे वाचणाऱ्याला वाटते, त्या दिवशीची नोंदही तेवढीच आखूड असते. सुरुवातीला मी याचा अर्थ संकोच असा लावला होता. पुढे पटले की हा संकोच नव्हता. चार स्तंभांच्या बातमीच्या सहा ओळी करण्यात ज्या बाईची उमेदीची वर्षे गेली, तिने स्वतःच्या दिवसालाही तीच शिस्त लावली होती.

त्यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८३६ रोजी लंडनमध्ये, साउथ मोल्टन स्ट्रीटवर झाला. वडील जेम्स मॉग स्क्रिप्स पुस्तकबांधणीचा व्यवसाय करत. म्हणजे कागद, सरस, दोरा आणि कापण्याची पाती घरातच होती. आई लवकर गेली. १८४४ मध्ये वडील मुलांना घेऊन अमेरिकेत आले आणि इलिनॉय राज्यातल्या रशव्हिल या लहानशा गावाजवळ शेती करू लागले. तेथे त्यांनी पुन्हा लग्न केले, आणखी मुले झाली आणि त्यांतला धाकटा एडवर्ड १८५४ मध्ये जन्मला तेव्हा एलन सतरा वर्षांच्या होत्या. या भावाला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवले, वाचून दाखवले, पुस्तकांची गोडी लावली. मोठ्या बहिणीने धाकट्याची आई व्हायचे, हे ज्या घरात गृहीत धरलेले असते, त्या घरातल्या थोरल्या मुलीचे स्वतःचे काय होते, हे आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

तरीही त्या शिकल्या. गेल्सबर्गच्या नॉक्स कॉलेजात त्या काळी मुलींसाठी वेगळा विभाग होता, आणि तो पुरा करणाऱ्या मुलींना पदवीऐवजी प्रमाणपत्र मिळे. एलनबाईंनी ते १८५९ मध्ये मिळवले. त्याच्या आदल्याच वर्षी, ७ ऑक्टोबर १८५८ रोजी, याच कॉलेजच्या मुख्य इमारतीसमोर लिंकन आणि डग्लस यांची गुलामगिरीच्या प्रश्नावरची जाहीर वादसभा झाली होती. देशाचे भवितव्य ज्या अंगणात वादाला निघाले, तेथेच शिकणाऱ्या मुलींना पूर्ण पदवी द्यायची की नाही, हा प्रश्न मात्र कुणी उघड्यावर मांडला नव्हता. एलनबाईंनी या अन्यायाबद्दल आरडाओरडा केल्याचे दिसत नाही. सदुसष्ट वर्षांनी त्यांनी मुलींसाठी स्वतंत्र महाविद्यालय काढले, हे त्यांचे उत्तर होते असे मी मानते.

कॉलेजनंतर त्या आसपासच्या शाळांत शिकवत राहिल्या आणि पगारातून पै-पैसा बाजूला टाकत गेल्या. थोरले बंधू जेम्स तोवर डेट्रॉइटच्या वृत्तपत्रसृष्टीत स्थिरावले होते. त्यांनी १८७३ मध्ये ‘द इव्हनिंग न्यूज’ हे सायंदैनिक काढले, तेव्हा एलनबाईंनी आपली शिल्लक त्यात घातली आणि स्वतःही तेथे कामाला लागल्या. त्या काळची प्रतिष्ठित वर्तमानपत्रे चादरीएवढी रुंद, किमतीला जड आणि लांबलचक भाषणांनी भरलेली असत. जेम्स यांनी आकार लहान केला, किंमत दोन सेंट ठेवली आणि मजकूर असा छाटला की दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला तो दिवा विझायच्या आत वाचून व्हावा. ही छाटणी कुणीतरी करायला हवी होती.

ती एलनबाईंनी केली. त्या मुद्रिते तपासत आणि ‘मिसेलनी’ या सदरासाठी मजकूर तयार करत, म्हणजे इतर गावांहून आलेली वर्तमानपत्रे आणि मासिके वाचून त्यांतले टिकाऊ, चटकदार किंवा उपयोगी असे काही निवडायचे, कापायचे आणि काही ओळींत नव्याने लिहायचे. संपादकांनी आपापले अंक एकमेकांना टपालाने पाठवणे आणि त्यांतून मजकूर उचलणे हा त्या काळी सर्वमान्य रिवाज होता. या कामाला नाव मिळत नाही. जो वाचतो त्याला लेखकाचे नाव हवे असते किंवा संपादकाचे. मधल्या माणसाने काय गाळले, हे त्याला दिसण्याचे कारणच नसते. मी ज्या टेबलावर बसत असे, तेथेही हेच होते. दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखातला एखादा आकडा मी काढून दिलेल्या कात्रणातून आलेला असायचा, तो वाचताना मला जे सुख होई ते कुणाला सांगण्याजोगे नव्हते आणि सांगावेसेही वाटत नसे. एलनबाईंना ते सुख ठाऊक असणार, याबद्दल मला शंका नाही.

मुद्रितशोधन करणाऱ्याची नजर वेगळी असते. सामान्य वाचक अर्थाकडे धावतो आणि चूक त्याच्या पायाखालून निघून जाते. शोधणाऱ्याला अर्थ आवरून धरावा लागतो, एकेका अक्षरापाशी थांबावे लागते आणि तरीही पूर्ण पानाचे भान सुटू द्यायचे नसते. ही नजर एकदा बसली की ती टेबलावरून उठल्यावरही सुटत नाही. एलनबाईंचे पुढचे दातृत्व या नजरेतून आलेले आहे, हे त्यांचे कागद वाचताना माझ्या मनात पक्के होत गेले.

एडवर्ड यांनी १८७८ मध्ये क्लीव्हलँडला ‘पेनी प्रेस’ काढला. एलनबाईंचे भांडवल आणि त्याहून मोलाचा सल्ला त्यांच्या मागे होता. पुढे एकामागून एक शहरांत कष्टकऱ्यांसाठी स्वस्त दैनिके निघत गेली आणि त्यांतले बहिणीचे भाग वाढत गेले. १८८१ मध्ये भाऊ प्रकृतीने खचला, तेव्हा दोघे युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या लांबच्या प्रवासाला निघाली. या प्रवासातून एलनबाईंनी पाठवलेली पत्रे डेट्रॉइटच्या दैनिकात छापली गेली. दुसऱ्यांचे शब्द आखूड करण्यात आठ वर्षे घालवलेल्या बाईला अखेर स्वतःच्या शब्दांसाठी स्तंभ मिळाला. प्रवास संपला तसा तो स्तंभही संपला. मला त्याची फार हळहळ वाटते. त्यांनी पुढे अर्धशतक आयुष्य काढले, आणि एवढ्या वाचलेल्या, एवढ्या हिंडलेल्या बाईने स्वतःच्या नावाने एखादे जाडजूड पुस्तक मागे ठेवले असते तर बरे झाले असते, ही माझी तक्रार आहे.

१८९० नंतर कुटुंबाचे लक्ष पश्चिमेकडे वळले. आधी सॅन डिएगोच्या उत्तरेला मिरामार येथे भावंडांनी मिळून माळरान घेतले, आणि मग १८९७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, एलनबाई ला होया या समुद्रकाठच्या वस्तीत स्वतःच्या घरात राहायला गेल्या. आयुष्यभर भावांच्या घरात राहिलेल्या बाईने बांधलेले हे पहिले स्वतःचे घर. त्याचे नाव त्यांनी ‘साउथ मोल्टन व्हिला’ ठेवले, लंडनच्या त्या जन्मगल्लीच्या आठवणीने.

१९०० मध्ये बंधू जॉर्ज वारले आणि आपला वाटा एलनबाईंना ठेवून गेले. त्या मृत्युपत्रावरून भावंडांत कोर्टकचेरी झाली. एका बाजूला ज्यांनी त्यांना टेबल दिले ते जेम्स होते आणि दुसऱ्या बाजूला ज्याला त्यांनी वाढवले तो एडवर्ड. त्या एडवर्डच्या बाजूने राहिल्या. या तंट्याचा तपशील मी येथे उगाळत नाही. पैशांवरून तुटलेल्या घरांच्या गोष्टी सगळीकडे एकसारख्याच असतात. एवढेच सांगते की, साठी उलटल्यावर या बाई एकाएकी फार श्रीमंत झाल्या, आणि हा पैसा ज्या पाठच्या भावाच्या मरणातून आणि ज्या घरफुटीतून आला, तिचे ओझे त्यांना जाणवले असले पाहिजे. त्या पैशाचा त्यांनी पुढे केलेला विनियोग मी त्या ओझ्यासकट वाचते.

दान देणाऱ्यांच्या कागदांत साधारणपणे दोन प्रकारची पत्रे सापडतात, मागणाऱ्यांची आणि आभार मानणाऱ्यांची. खरे पाहण्यासारखे असते ते मधले, म्हणजे देण्याआधी माणूस काय विचारतो ते. एलनबाईंच्या बाबतीत ते त्यांनी निवडलेल्या कामांवरूनच उलगडते. १९०३ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रिटर यांच्या पुढाकाराने सॅन डिएगोची सागरी जीवशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हा तिची प्रयोगशाळा कोरोनाडोच्या हॉटेलच्या नौकाघरात होती. समुद्रात जाळे टाकून सूक्ष्म जीव मोजणाऱ्या या माणसांना त्यातून काय मिळणार, हे सांगता येण्याजोगे तेव्हा फारसे काही नव्हते. एलनबाई आणि एडवर्ड यांनी त्यांना आधार दिला. १९०७ मध्ये संस्थेने शहराकडून ला होयाच्या उत्तरेची १७० एकर जमीन १,००० डॉलरला घेतली. १९१२ मध्ये ती कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे गेली आणि आज स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था म्हणून ती जगाला माहीत आहे. त्याच सुमाराला, १९०८ पासून, एलनबाई टोरी पाइन या दुर्मीळ झाडांच्या राईलगतचे जमिनीचे तुकडे विकत घेत होत्या. शहराने १८९९ मध्ये ३६९ एकर राखून ठेवले होते, पण शेजारची जमीन कुणी घेऊन तोडली असती तर ती राखीव राई तुटक्या पानासारखी राहिली असती. १९२१ मध्ये त्यांनी गाय फ्लेमिंग यांना तिथला राखणदार नेमले. झाडे जतन करायची तर जमिनीच्या कडा आधी सुरक्षित केल्या पाहिजेत, हे कापणाऱ्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

ला होयाच्या लोकांसाठी त्यांनी जे केले त्याची यादी मोठी आहे आणि ती मी भराभर सांगून मोकळी होते. वास्तुशिल्पी आयर्विंग गिल यांच्याकडून १९१४ मध्ये बांधून घेतलेले महिला मंडळाचे घर, १९१५ चे मुलांचे क्रीडांगण, सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयातले १९२३ चे भले मोठे पक्षिगृह. १९२२ मध्ये पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले आणि गावातल्या लहानशा रुग्णालयात पडून राहावे लागले. गावाला किती मोठे रुग्णालय हवे आहे, ते त्या खाटेवरून त्यांना कळले असावे, कारण १९२४ मध्ये नवे रुग्णालय उभे राहिले. १९२६ मध्ये क्लेअरमाँटचे मुलींचे महाविद्यालय स्थापन झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये एडवर्ड गेले, आणि त्याच्या काही आठवडे आधी, २२ फेब्रुवारीच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एकोणनव्वद वर्षांच्या या बाईंचे चित्र झळकले होते. जन्मभर पानाच्या मागच्या बाजूला राहिलेल्या बाईला मुखपृष्ठ पाहून काय वाटले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

यापेक्षा एक अपुरी गोष्ट मला अधिक जवळची वाटते. १९०८ मध्ये एलनबाईंनी अल्बर्ट व्हॅलेंटिन या चित्रकाराला कॅलिफोर्नियातल्या रानफुलांची आणि वनस्पतींची चित्रे काढायचे काम दिले. व्हॅलेंटिन हे सिनसिनाटीच्या रुकवूड पॉटरीत अनेक वर्षे फुलदाण्या रंगवणारे कारागीर. ते बायकोसह दहा वर्षे राज्यभर हिंडले, वाळवंट आणि डोंगर पायाखाली घातले, एकेक रोप समोर ठेवून त्याच्या पानाची शीर, पाकळीची चुणी आणि मुळाशी लागलेली माती सुद्धा रंगवली आणि जवळजवळ अकराशे चित्रे पुरी केली. ठरल्याप्रमाणे त्यांचा ग्रंथ व्हायचा होता. १९१८ मध्ये काम संपले तेव्हा असा रंगीत ग्रंथ छापण्याचा खर्च एलनबाईंना परवडणारा वाटला नाही आणि त्यांनी तो विचार सोडून दिला. छपाईचा खर्च काय असतो, हे त्यांच्याइतके नेमके कुणाला ठाऊक असणार! व्हॅलेंटिन १९२५ मध्ये वारले, ग्रंथ न पाहताच. चित्रे एलनबाईंच्या पश्चात सॅन डिएगोच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे गेली आणि लोकांसमोर व्यवस्थित यायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

येथे मी एलनबाईंची बाजू घेऊ शकत नाही. ज्यांनी समुद्रातल्या अदृश्य जीवांसाठी प्रयोगशाळा उभारली, त्यांनी एका माणसाच्या दहा वर्षांच्या कामाला छापील पानावर येऊ दिले नाही, हे मला खुपते. त्यांनी कलावंताला काम दिले, त्याचा मोबदला दिला, चित्रे जपून ठेवली, हे सारे खरे आहे. पण चित्रकाराला जे हवे असते ते मोबदल्यात मोजता येत नाही, आणि नावाशिवाय काम करण्याचे सुख ज्यांना होते त्यांना नाव हवे असलेल्या माणसाची तहान कळली नाही असे मला वाटते. माझ्या दृष्टीने ही त्यांच्या आयुष्याच्या कात्रणाची मागची बाजू आहे. त्यांच्या स्मारकांवर ती कोरलेली नाही. ती चित्रांच्या त्या न छापलेल्या गठ्ठ्यात शाबूत राहिली. आणि तरीही, त्यांनी ती चित्रे वाटून किंवा विकून टाकली असती, तर आज ती एकत्र पाहायला मिळाली नसती. संग्रह करणाऱ्याची चूक आणि संग्रहाचे पुण्य कधी कधी एकाच पेटीत असते.

कागदांवरचे शब्द मेल्यानंतरही किती काम करतात, ते ला होयाच्या मुलांच्या पोहण्याच्या जागेवरून कळते. खडकाळ किनाऱ्यावर लहान मुलांना लाटांचे भय न बाळगता डुंबता यावे म्हणून एलनबाईंनी अर्धगोलाकार धक्काभिंत बांधून दिली, आणि १९३१ मध्ये ती शहराच्या स्वाधीन झाली. तेव्हा त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. राज्याच्या त्याच वर्षीच्या कायद्याने ती किनारपट्टी मुलांच्या स्नानासाठी, खेळासाठी आणि सार्वजनिक उद्यानासाठी शहराकडे विश्वस्त म्हणून सोपवण्यात आली होती. पुढे साठ-सत्तर वर्षांनी भिंतीआडच्या शांत वाळूवर समुद्रातील सील येऊन पहुडू लागले, पिले घालू लागले, पाणी मुलांच्या पोहण्यालायक राहिले नाही. मग वाद पेटला. काहींना सील हवे होते, काहींना मुलांची जागा परत हवी होती, आणि २००५ मध्ये न्यायालयाने शहराला ती जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला, कारण १९३१ च्या कागदावर मुले लिहिलेली होती, सील लिहिलेले नव्हते. अखेर २००९ मध्ये राज्याला मूळ कायद्यातल्या त्या शब्दांत भर घालावी लागली, तेव्हा कुठे सीलांनाही त्या जागेवर राहण्याचा कायदेशीर आधार मिळाला.

मुद्रितशोधकाला हे वाचून अंगावर काटा येतो. दान देणारी गेली, भिंत बांधणारे गेले, पहिल्यांदा त्या पाण्यात उतरलेली मुले आजोबा-आजी होऊन गेली, आणि न्यायाधीश अजून त्या एका वाक्यात कोणता शब्द आहे आणि कोणता नाही हे तपासत आहेत. एलनबाईंना हा वाद कसा वाटला असता? प्राणिसंग्रहालयाला पक्षिगृह देणाऱ्या आणि मुलांसाठी क्रीडांगण बांधणाऱ्या बाईला दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या बाजूला ओढत होती. त्यांच्या त्या ओळी-दोन ओळींच्या नोंदींतून कुणालाही हवे ते उत्तर काढता येत नाही, आणि मला यात त्यांचा मोठेपणा दिसतो. त्यांनी मुलांसाठी भिंत बांधली. बाकीचा निकाल जिवंत माणसांनी लावायचा होता आणि तो त्यांनीच लावला.

१९१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे राहते घर जळाले होते. नाराज झालेल्या एका माळ्याने ते पेटवले. एलनबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी त्याच जागी आयर्विंग गिल यांच्याकडून काँक्रीटचे, आगीला दाद न देणारे घर बांधून घेतले आणि आयुष्याची उरलेली वर्षे तेथेच काढली. आज त्या वास्तूत समकालीन कलेचे संग्रहालय आहे. कागद सांभाळणाऱ्या माणसाच्या मनात आगीचे भय कायमचे घर करून असते. आमच्या विभागातही एकदा पावसाचे पाणी तळच्या कपाटात शिरले, आणि पाकिटे उन्हात पसरून एकेक ओले कात्रण सोडवण्यात आम्ही दोन दिवस घालवले. काही कात्रणे खळीसकट वेगळी झाली नि त्यांच्या पाठी पहिल्यांदाच दिसल्या. एका पाठीवर एका हरवलेल्या मुलाचा शोध करणारी जाहिरात होती, निम्मी कापलेली, आणि त्यात मुलाचे नाव नव्हते. ते नाव कात्रीच्या पलीकडे गेले होते. एवढ्या वर्षांनीही ती जाहिरात माझ्या मनातून जात नाही, आणि एलनबाईंच्या आखूड नोंदी वाचताना मला ती वारंवार आठवली. जे त्यांनी लिहिले नाही, ते त्यांच्या कात्रीच्या पलीकडे गेले. त्या रिकाम्या जागेला माझ्या कल्पनेने भरून टाकण्याचा मला अधिकार नाही, हे मला त्या ओल्या कात्रणानेच शिकवले होते.

३ ऑगस्ट १९३२ रोजी, शहाण्णवावा वाढदिवस दोन-अडीच महिन्यांवर असताना, एलनबाई आपल्या काँक्रीटच्या घरात वारल्या. त्यांची रक्षा समुद्रात विसर्जित झाली. त्यांच्या नावाची संस्था तेथून थोड्याच अंतरावर आहे, आणि १९१६ मध्ये त्यांच्या पैशांतून तेथे १,००० फूट लांबीचा धक्का समुद्रात गेला होता. १९१६ च्याच ऑगस्टपासून तेथील माणसे समुद्राच्या पाण्याचे तापमान नोंदवू लागली. तो जुना धक्का झिजला, १९८८ मध्ये त्याच्या जागी नवा आला आणि त्याला आता एलन ब्राउनिंग स्क्रिप्स यांचे पूर्ण नाव आहे. नोंदी मात्र चालूच राहिल्या. समुद्र तापत चालल्याचे ज्या दीर्घ नोंदींवरून दाखवता येते, त्यांत त्यांची गणना होते.

मी त्या नोंदींतली काही वर्षे उघडून पाहिली. तारीख, पाण्याचे तापमान, क्षारता. पुढच्या ओळीत पुढची तारीख. कोणत्याही दिवसाला त्याहून अधिक शब्द मिळालेले नाहीत. आज सकाळीही कुणीतरी त्या धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले असेल, पाण्याचा नमुना वर काढला असेल आणि ओल्या हातांनी आकडा लिहिला असेल.